गोल्डफिशची शेपटी झडतेय: औषधाच्या आधी पाणी

सांगलीच्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी २ गोल्डफिश आणले, एक नारिंगी ओरंडा आणि एक पांढराशुभ्र, डोक्यावर लाल टोपी असलेला रेड कॅप (दोन्ही गोल्डफिशचेच प्रकार). ४ महिने झाले, दोघं २० लिटरच्या गोल बाउलमध्ये आहेत. दर रविवारी बाउल पूर्ण रिकामा करून घासतात, नळाचं ताजं पाणी भरतात, छोट्या फिल्टरचा स्पंजही नळाखाली धरून पिळून स्वच्छ धुतात. तरी २ आठवड्यांपासून ओरंडाच्या शेपटीची कड पांढरी पडून झडायला लागली. आता शेपटी जेमतेम निम्मी उरली आहे. दुकानातून निळं औषध आणि पिवळ्या कॅप्सूल आणल्या, पाणी रंगीत झालं, पण झड थांबली नाही. ते विचारतात, ‘इतकी स्वच्छता ठेवूनही असं का? आणि मासा वाचेल का?’

दादा, वाचेल. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेपटीच्या बुडाशी अजून लाली नाही, खवले नीट बसलेले आहेत आणि मासा खातोय असं तुम्ही लिहिलंय. एवढं शाबूत असताना फिन रॉटने, म्हणजे पर झडण्याच्या या रोगाने, मासा सहसा जात नाही. पण औषध बदलून तो बरा होणार नाही. मी गेली २२ वर्षं पुण्यात गोल्डफिश पाळते, लोकांच्या टाक्या सांभाळून देते, आणि झडलेल्या शेपट्यांचे मासे माझ्याकडे कितीतरी आले. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं शेपटीत नव्हतं, पाण्यात होतं. तुमच्याकडेही तेच झालंय, आणि ते तुमच्या रविवारच्या स्वच्छतेतूनच आलंय. हे वाचून वाईट वाटेल, पण तुम्ही मनापासून करत होता म्हणूनच ते नीट समजावून सांगावंसं वाटतं.

मासा आपल्या कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकतो. तो दिसत नाही, सुरुवातीला त्याला वासही येत नाही. काचेसारखं नितळ पाणी माशासाठी जळजळीत असू शकतं. जुन्या, बसलेल्या टाकीत हा अमोनिया जिवाणू खातात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासा बऱ्यापैकी सोसतो. हे जिवाणू पाण्यात फारसे नसतात, ते स्पंजला, वाळूला, काचेला चिकटून राहतात. नव्या टाकीत त्यांची वस्ती जमायला ४ ते ६ आठवडे लागतात. आता तुमचा रविवार आठवा. काच घासली, स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली पिळला. आठवडाभरात जी काही वस्ती जमली होती ती गेली. सोमवारपासून पुन्हा पहिल्यापासून. गेल्या ४ महिन्यांत तुमच्या माशांना एकही आठवडा बसलेलं पाणी मिळालेलं नाही.

अमोनियाने काय होतं, तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर आणि परांची नाजूक कातडी भाजते. एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू प्रत्येक टाकीत असतातच, तुमच्याही आणि माझ्याही. धडधाकट माशाला ते काही करत नाहीत. कातडी भाजली, मासा दमला की त्यांना वाट मिळते, आणि ते परांच्या कडेपासून आत खात येतात. याला फिन रॉट म्हणायचं. म्हणून नुसता जिवाणू मारून उपयोग नाही. पाणी तेच राहिलं तर दुसरे जिवाणू त्याच जखमेत शिरतात.

आधी हे फिन रॉटच आहे ना, ते घरी पाहून घ्या. रात्री खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च बाउलच्या बाजूने तिरपा धरा. फिन रॉटमध्ये कडेला दुधट, धुरकट पांढरी रेघ दिसते आणि तिच्या पलीकडे पर सरळ कापलेला नसतो. जुन्या लुगड्याच्या पदराच्या दशा सुटाव्यात तसा तो सुटलेला असतो. दोन काड्यांमधला पडदा विरघळून जातो आणि काड्या खराट्यासारख्या उघड्या पडतात. कधी कडेला लालसर ठिपके असतात.

दुसऱ्या माशाने कुरतडलं असेल तर तुकडा स्वच्छ निघालेला असतो, कडेला पांढरं नसतं. प्लास्टिकच्या धारदार झाडात अडकून फाटलं असेल तर एकच सरळ चीर असते. कापसासारखे पुंजके लोंबत असतील तर ती बुरशी, आणि ती सहसा आधीच मेलेल्या कातडीवर येते. पाठीवर खोगिरासारखा राखाडी पट्टा किंवा तोंडाभोवती पांढरट साय दिसली तर मात्र घाई करा. तो कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूंचा रोग. तो गरम पाण्यात झपाट्याने वाढतो आणि २-३ दिवसांत मासा नेतो. कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या पहिल्या काडीवर बारीक पांढऱ्या पुळ्या ओळीने दिसल्या तर घाबरू नका. वयात आलेल्या नराला विणीच्या दिवसांत त्या येतात. अशा निरोगी नरांवर लोक औषधं ओततात, ते बघून माझा जीव तुटतो. फोटोवरून तुमच्या ओरंडाला फिन रॉटच दिसतोय.

आता उपचार. आजच एक नवीन प्लास्टिकचा टब आणा, ४०-५० लिटरचा, ज्यात कधी साबण किंवा निरमा गेलेला नाही असा. बाउल तसाच वापरून हे जमणार नाही. टबमध्ये ४० लिटर पाणी भरा. नळाचं पाणी असेल तर आदल्या रात्री बादल्यांत भरून एअर स्टोन (हवेच्या पंपाला जोडायचा, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवा, किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घाला. सध्या पावसाळा आहे. नदीचं पाणी गढूळ येतं तेव्हा पाणीपुरवठ्याला तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवावी लागतात. त्यामुळे उन्हाळ्यात थेट नळाचं पाणी चाललं म्हणून जुलैतही चालेल असं धरून चालू नका. नळ सोडल्यावर पाण्याला नाकाला झोंबणारा वास आला तर थेंबांशिवाय ते पाणी माशाला दाखवूही नका.

या टबमध्ये मासा टाकण्याआधी एक गोष्ट सांगते, कारण ती मी स्वतः चुकले आहे.

सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक ब्लॅक मूर जातीचा गोल्डफिश होता, मखमली काळा. त्याला आम्ही भुंगा म्हणायचो. त्याचं पाणी मी ५-६ आठवडे नीट बदललं नव्हतं, वरून नुसतं भरत राहिले. एक दिवस शेपटीची कड पांढरी दिसली आणि मला अपराधी वाटलं. मी सगळं पाणी काढलं आणि सोसायटीच्या बोअरचं ताजं पाणी काठोकाठ भरलं. रात्री ९ ला भरलं. १० वाजता भुंगा पृष्ठभागाशी येऊन हापसायला लागला, पहाटेपर्यंत गेला. मला वाटलं बोअरच्या पाण्यात काहीतरी विषारी होतं. खरं कारण समजायला मला पुढची ३ वर्षं लागली.

जुन्या पाण्यात हळूहळू आम्लता वाढते, विशेषतः पुण्यासारख्या मऊ, धरणाच्या पाण्यात. अशा पाण्यात अमोनिया बहुतांश निरुपद्रवी रूपात बांधलेला असतो, मासा त्याला सरावतोही. बोअरचं जड पाणी अल्कधर्मी असतं. पाण्याचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचा आकडा) ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. मी सगळं पाणी काढलं तरी वाळूत आणि फिल्टरच्या गाळात जुनी घाण होतीच. शिवाय माशाचं रक्त, कल्ले सगळे जुन्या पाण्याशी जुळलेले. तासाभरात दोन्ही बाजूंनी धक्का बसला. ‘पाणी बदललं आणि मासा गेला’ असं लोक सांगतात ना, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. लोक मग उलटा धडा घेतात आणि पाणी बदलणंच सोडतात.

तुमचं पाणी दर आठवड्याला नवं असल्यामुळे तुमच्या माशाला इतका धक्का बसणार नाही, तरी घाई नको. ओरंडाला बाउलच्याच थोड्या पाण्यासह एका डब्यात घ्या, डबा टबमध्ये तरंगत ठेवा आणि दर ५ मिनिटांनी वाटीभर टबचं पाणी त्यात घाला. ४० मिनिटांत मासा टबमध्ये सोडा, डब्यातलं पाणी फेकून द्या. मासा जाळीने उपसून काढू नका. झडलेल्या काड्या जाळीत अडकून तुटतात. ओंजळीने किंवा वाटीने उचला.

मीठ वापरा, पण स्वयंपाकाचं बारीक दाणेदार नको. त्यात ते मोकळं राहावं म्हणून दुसरे पदार्थ मिसळलेले असतात. लोणच्याला वापरतो ते साधं खडे मीठ घ्या. स्वयंपाकघरातला काटा घ्या आणि मोजा. चमच्याने मोजू नका, खड्यांचा चमचा कधी कमी भरतो कधी जास्त. लिटरला ३ ग्रॅम हे माप गाठायचं आहे, म्हणजे ४० लिटरला १२० ग्रॅम. पण एकदम नाही. पहिल्यांदा ४० ग्रॅम, १२ तासांनी ४०, आणि आणखी १२ तासांनी ४०. प्रत्येक वेळी तांब्याभर पाण्यात पूर्ण विरघळवून, माशापासून दूर, एअर स्टोनच्या बाजूला हळूहळू ओता. न विरघळलेला खडा माशाच्या अंगाला लागला तर भाजतो.

मिठाने काय होतं ते समजलं की माप पाळायला सोपं जातं. माशाचं रक्त गोड्या पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आणि जखमेतून सतत आत शिरत राहतं आणि त्याच्या मूत्रपिंडाला ते रात्रंदिवस बाहेर टाकावं लागतं. बाहेरचं पाणी थोडं खारं केलं की हा उपसा कमी होतो, आणि वाचलेली ताकद जखम भरायला मिळते. अंगावरचा बुळबुळीत थरही वाढतो. शिवाय पाण्यात नायट्राइट असेल तर मिठातलं क्लोराइड ते कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. नायट्राइटने माशाचं रक्त तपकिरी होऊन तो भरपूर हवेतही गुदमरतो, त्यावर मीठ हा खरा आधार आहे.

रोज टबमधलं निम्मं पाणी बदला. २० लिटर काढलंत तर नव्या २० लिटरमध्ये ६० ग्रॅम मीठ विरघळवूनच ते भरा. पाण्याची वाफ होऊन पातळी खाली गेली तर मात्र साधं पाणी घाला, कारण मीठ उडून जात नाही, ते टबमध्येच असतं. हे न कळल्यामुळे दर वेळी मीठ घालत जाऊन पाणी समुद्राच्या वाटेला लावलेले टब मी पाहिलेत. नवं पाणी टबच्या पाण्याइतकंच कोमट किंवा गार आहे ना, ते मनगटाने नाही, थर्मामीटरने पाहा. २ अंशांपेक्षा जास्त फरक नको.

हे १० दिवस, फार तर १४ दिवस. त्यानंतर रोजच्या बदलात मीठ न घालता पाणी भरत जा, आपोआप उतरेल. मीठ कायम ठेवायची सवय बरोबर नाही. आणि टबमध्ये झाडं किंवा तळाशी फिरणारे कॅटफिश ठेवू नका, त्यांना ते सोसत नाही.

निळ्या औषधाविषयी. ते मिथिलीन ब्लू. ते वाईट नाही. बुरशीवर आणि अंड्यांवर ते चांगलं काम करतं. पण खोल गेलेल्या फिन रॉटवर त्याचा जोर कमी पडतो, आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू ते मारतं. म्हणजे तुमच्याकडे रविवारी जे उरलं असेल तेही त्याने संपवलं. पुढे कधी वापराल तर फिल्टर नसलेल्या टबातच.

पिवळ्या कॅप्सूल बहुधा टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकच्या जातीच्या असाव्यात, सगळीकडे त्याच देतात. त्या बंद करा. जड पाण्यातला कॅल्शियम त्या औषधाला धरून ठेवतो, उजेडात ते खराब होतं, आणि माशाच्या अंगात पुरेसं पोहोचतच नाही. अर्धवट मात्रा मिळालेले जिवाणू मरत नाहीत, निबर होतात. हे पाणी शेवटी आपल्याच गटारात जातं. अँटिबायोटिक लागतं, मी नाही म्हणत नाही. शेपटीच्या बुडाशी लाली किंवा रक्ताच्या रेषा आल्या, अंगावर खड्डा पडला, खवले फणसाच्या सालीसारखे उभे राहिले किंवा माशाने २ दिवस खाणं सोडलं, तर पशुवैद्याकडे जा. माशांचं पाहणारे डॉक्टर थोडे आहेत, पण आहेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या मत्स्यआरोग्याच्या अध्यापकांना विचारायला हरकत नाही. अँटिबायोटिक बहुतेकदा खाद्यातून द्यावं लागतं, आणि ते कोणतं व किती हे त्यांनीच ठरवायचं.

तापमानाबद्दल एक सूचना. कोणी सांगेल हीटर लावा, ३० अंश करा. ते पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी, तेही गरम पाण्यातल्या माशांना. गोल्डफिश थंड पाण्यातला जीव आहे, २० ते २४ अंशांत सुखी असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. पाणी तापलं की मासा जास्त श्वास घेतो, हवा कमी मिळते आणि जिवाणू मात्र भराभर वाढतात. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तुमची हीच कसोटी असेल. तेव्हा टाकी पश्चिमेच्या खिडकीशी किंवा पत्र्याखाली नको, खाली फरशीजवळ ठेवा आणि टेबलफॅनचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाऊ द्या. यानेच ३-४ अंश उतरतात. पाण्यात बर्फाचे खडे टाकू नका.

आता रेड कॅपकडे या. तो अजून धड आहे म्हणून त्याला त्याच बाउलमध्ये ठेवाल आणि ओरंडा बरा झाला की तोही परत तिथेच येईल, तर महिन्याभरात आपण पुन्हा हेच बोलत असू. बाउल ठेवायचाच नाही. हा मासा चीनमध्ये साधारण १००० वर्षांपूर्वी, सोंग राजवटीच्या काळात, तळ्यांमध्ये पाळला जाऊ लागला. तो कार्पच्या कुळातला आहे, आपल्या रोहू-कटल्याचा नातलग. कटल्याचं पिल्लू कोणी घरात गोल भांड्यात ठेवायला काढलं तर आपण त्याला अडवू. हाही तसाच आहे, फक्त रंगाने सोन्याचा. ओरंडा नीट वाढला तर वीतभर होतो. ‘बाउल लहान असला की मासाही लहान राहतो’ असं दुकानात सांगतात. तो लहान राहतो कारण त्याची वाढ खुंटते. कुपोषित मुलाला आपण ‘छोटा आणि गोड’ म्हणत नाही. ब्रिटनमध्ये एका जत्रेत जिंकलेला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगल्याची गिनीज बुकात नोंद आहे. तितकं नको, पण १०-१२ वर्षं हे साध्या घरात सहज जमणारं आयुष्य आहे, आणि आपल्याकडे बहुतेक गोल्डफिश वर्षही काढत नाहीत.

१ घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, एवढं लक्षात ठेवलंत की दुकानात फसणार नाही. ३ फूट लांब, १ फूट रुंद, दीड फूट उंच टाकी म्हणजे साडेचार घनफूट, सव्वाशे लिटरच्या आसपास. तुमच्या दोघांना ती पुरेल. भरल्यावर ती दीडशे किलोच्या घरात जाते, तेव्हा शोकेसच्या फळीवर नको, भक्कम स्टँडवर ठेवा आणि खाली थर्माकोलचा सलग तुकडा घाला. काचेची टाकी सध्या परवडत नसेल तर १०० लिटरचा साधा प्लास्टिकचा टब आणा. मनापासून सांगते, स्पंज फिल्टर लावलेला टब हा दिखाऊ बाउलपेक्षा शंभरपट चांगला. गोल्डफिश वरून बघायलाही फार सुंदर दिसतात.

नवी टाकी बसेपर्यंतचे ६ आठवडे जपायचे. दर दिवसाआड पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. ओळखीत कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला एक मळका स्पंज मागून आणा आणि ओला असतानाच तुमच्या टाकीत टाका. तो मळ म्हणजे विरजण समजा. ६ आठवड्यांचं काम २-३ आठवड्यांत होतं. आणि अमोनियाचं, थेंब टाकून रंग बघायचं किट घ्याच. तुम्ही औषधांवर जेवढे पैसे घातलेत तेवढ्यातच ते आलं असतं. नायट्राइट आणि नायट्रेटचीही अशीच किटं मिळतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली. हे तीन आकडे बघायची सवय लागली की औषधाच्या दुकानाची वाट तुम्ही विसराल. एकदा टाकी बसली की आठवड्याला एक तृतीयांश पाणी, बस. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबायचा, पांढरा होईपर्यंत घासायचा नाही.

लोडशेडिंगचं विसरू नका. स्पंजमधल्या जिवाणूंना हवा लागते. वीज ५-६ तास गेली तर बंद डब्याच्या फिल्टरमध्ये ते मरून कुजतात, आणि वीज आल्यावर तो सगळा काळा रस टाकीत येतो. तेव्हा फिल्टर सुरू करण्याआधी काढून टाकीच्याच पाण्यात खंगाळा. बॅटरीवरचा छोटा एअर पंप घरात असू द्या.

खाण्याबद्दल. गोल्डफिशला पोट नसतं, खरंच नसतं. घशातून सरळ आतडं. त्यामुळे एकदम खाल्लेलं अर्धवट पचून बाहेर येतं आणि तेच अमोनिया होतं. तो काचेशी येऊन तोंड उघडझाप करतो म्हणजे भुकेला आहे असं नाही, ते त्याचं स्वभावाने खाद्य धुंडाळणं आहे. तुमच्या मुलीला एवढं समजावा. दिवसातून २ वेळा, २ मिनिटांत संपेल इतकंच. बुडणारे दाणे ५ मिनिटं पाण्यात भिजवून द्या, तरंगणारे गिळताना तो हवा गिळतो आणि ओरंडासारखे गोल अंगाचे मासे मग उलटेपालटे होतात. आठवड्यातून एकदा मटारचा वाफवलेला, साल काढलेला दाणा कुस्करून. एक दिवस उपास. ब्रेड, कणीक, बिस्किट अजिबात नाही. आजारी असताना मी खाद्य निम्म्यावर आणते.

पुढे नवा मासा आणलात तर आधी ३-४ आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवा. आपल्या दुकानांतले बरेच मासे कोलकाता आणि चेन्नईजवळच्या कोळत्तूरहून प्लास्टिकच्या पिशव्यांतून आलेले असतात, लांबच्या प्रवासाने थकलेले, कधी दोनदा हात बदललेले. दुकानातल्या एकाच टाकीत चार ठिकाणचे मासे असतात. पहिल्या दिवशी ठणठणीत दिसणारा मासा १० व्या दिवशी काय दाखवेल सांगता येत नाही. त्या टबची जाळीही वेगळी ठेवा आणि वापरून झाली की उन्हात वाळवा.

आणखी एक, जरा नाजूक. मुलीचं मन राखायला किंवा वास्तूसाठी म्हणून ‘८ सोनेरी आणि १ काळा’ असे ९ मासे ठेवा, असं कोणी सुचवेल. ९ गोल्डफिशना मोठा हौद लागतो. आणि मासा मेला की ‘घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं’ असंही म्हणतात. श्रद्धेविषयी मी बोलत नाही. पण हे वाक्य मी ज्या ज्या घरात ऐकलं, तिथे मासा कशाने गेला हे कोणी पाहिलं नाही, दुसऱ्या दिवशी नवा आणला, आणि तोही तसाच गेला. एकदा एका आजींनी मला त्यांच्या घरच्या अशा ११ माशांची गोष्ट सांगितली. मी पाणी तपासलं, किटमधलं पाणी गडद हिरवं झालं, म्हणजे अमोनिया भरपूर. त्यांनी हातातली नळी उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, ‘म्हणजे ती बिचारी जळत होती गं.’ त्यांनी मोठी टाकी घेतली. त्यातले २ मासे आता ६ वर्षांचे आहेत.

आता बरं होताना काय दिसेल ते सांगून ठेवते, कारण याच टप्प्यावर लोक घाबरून पुन्हा औषध ओततात. ४-५ दिवसांत दुधट रेघ पुसट होईल, नवी झड थांबेल. आठवड्याच्या पुढेमागे शेपटीच्या कडेला काचेसारखी पारदर्शक किनार दिसेल. ती इतकी पातळ असते की तिरपा उजेड पडल्याशिवाय पर कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नाही. तिला हात लावू नका, औषध घालू नका. दुधट आणि फाटकी ती झड, नितळ आणि सलग ती नवी वाढ. अंगावर किंवा परांवर काळे डाग आले तर तेही बहुधा अमोनियाने भाजलेली जागा भरत असल्याची खूण आहे, ते आपोआप फिकटतात. नव्या परात नारिंगी रंग सावकाश उतरतो, पूर्ण शेपटी यायला दीड-दोन महिने धरा, थंडीत त्याहून जास्त. ५ दिवसांनीही झड पुढे सरकत असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टर गाठा.

तुमच्या ओरंडाच्या शेपटीचं खालचं टोक फोटोत बुडाच्या फार जवळपर्यंत गेलेलं दिसतंय. तिथल्या काड्यांची मुळं शाबूत असतील तर ते भरून येईल, पण कदाचित थोडं वाकडं किंवा आखूड येईल. तसं आलं तर ते कापायला वगैरे जाऊ नका, पोहायला त्याला काही अडचण येत नाही. टब आज संध्याकाळी भरून ठेवा, मासा उद्या सकाळी हलवा, आणि १० व्या दिवशी तिरप्या उजेडात काढलेला एक फोटो आणि अमोनियाचा आकडा मला कळवा.